माशाच्या डोक्यातला खडा आणि पाण्याचं तापमान: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

ढोम्याचं डोकं खाताना दाताखाली खडा आला की माणूस आधी मासेवालीला नावं ठेवतो आणि मग खडा धुऊन बघतो, आणि त्यानंतर मला फोटो पाठवतो. मी काही वर्षं हेच खडे घासायचं, मोजायचं काम केलंय त्यामुळे सगळ्यांचे प्रश्न माझ्याकडेच येतात. त्यातला तापमानाचा प्रश्न, म्हणजे मासा ज्या पाण्यात राहिला त्याचं तापमान या खड्यावरून कळतं का, हा सगळ्यात जास्त वेळा येतो, आणि नेटवर त्याचं अर्धवट उत्तर फिरत असतं की खड्यातलं स्ट्रॉन्शियम नावाचं मूलद्रव्य मोजा, तापमान मिळेल. तसं सरळ नाहीये ते. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

हे माशाच्या कानातलं हाड आहे ना?

हाड म्हणायची सवय आहे, पण हाड नाही. हाडात कॅल्शियम फॉस्फेट असतं आणि हा खडा कॅल्शियम कार्बोनेटचा, म्हणजे नात्याने शिंपला आणि खडूच्या जवळचा. नाव ओटोलिथ, ग्रीकमध्ये त्याचा अर्थच कानातला दगड. माशाला बाहेरून कान दिसत नाही पण कवटीच्या आत असतो, त्यात दोन्ही बाजूला तीन तीन असे एकूण सहा ओटोलिथ असतात आणि मासा त्यांच्यावरून ऐकतो आणि तोलही सांभाळतो. तीन जोड्यांची नावं सॅजिटा, लॅपिलस आणि अ‍ॅस्टेरिस्कस. बहुतेक समुद्री माशांत सॅजिटा सगळ्यात मोठा, तोच आपल्या ताटात येतो. शिंगाळ्याचं वेगळं आहे, त्याचा लॅपिलस मोठा असतो, गोलसर भिंगासारखा. मुशी आणि पाकटात असा दगड शोधू नका, त्यांच्या कानात नुसती बारीक कचकच असते.

हाड आणि ओटोलिथमधला खरा फरक पुढे कामाला येणारे म्हणून सांगतो. हाडातून शरीर अडीनडीला कॅल्शियम परत काढून घेतं, खवल्यातूनही घेतं. ओटोलिथमधून घेत नाही. एकदा थर बसला की बसला, मासा उपाशी राहिला तरी तो थर तसाच. बँकेचं पासबुक म्हणा, एन्ट्री खोडता येत नाही.

घरी काढता येतो का?

येतो की. बाजारात सांगायचं, मावशी डोकं टाकू नका, आणि डोकं मध्ये चिरूही नका. घोळ मिळाली तर उत्तमच पण तिचं डोकं कोण देणार, ढोमा बास आहे. डोकं उलटं धरायचं, दोन्ही कल्ले ओढून काढायचे की कवटीची खालची बाजू मोकळी होते. तिथे मागच्या बाजूला दोन फुगीर टेंगळं दिसतात, पातळ पापुद्र्यासारखं हाड असतं आणि आतला पांढरा खडा बाहेरून अंधुक दिसतो. सुरीचं टोक हलकं घातलं की टक्क आवाज येतो आणि खडा सुटतो. त्याच्या भोवती चिकट पारदर्शक पिशवी असते, ती बोटाने निघते. ओला असताना चिनी मातीसारखा चकचकतो, एका बाजूला बेडकाच्या पिल्लाच्या आकाराची खाच असते, डोकं आणि शेपटी अगदी वेगळी दिसते. एकदा बघितली की हा कुठल्या घराण्यातला मासा ते विसरत नाही माणूस.

बांगड्याचा काढताना मात्र चिडचिड होते, एवढासा असतो आणि टोक मोडतं. पहिले दहा तरी मोडणार हे धरून चाला.

आत रिंगा असतात म्हणे, झाडासारख्या?

असतात. वर्षाच्या रिंगा तर फार आधीपासून माहिती आहेत, १८९९ मध्ये राइबिश नावाच्या जर्मन संशोधकाने प्लेस या चपट्या माशाच्या ओटोलिथवरून वय काढलं होतं. पण खरी मजा १९७१ ला झाली, जॉर्जिओ पॅनेला यांनी दाखवलं की वर्षाच्या रिंगांच्या आत रोजचे थर पण असतात. रोजचा एक! पिल्लाच्या ओटोलिथवर सूक्ष्मदर्शकाखाली हे थर मोजून मासा अमुक तारखेच्या आसपास जन्मला असं सांगता येतं. आणि दुसऱ्या टोकाला, अमेरिकेतल्या बिगमाउथ बफेलो नावाच्या गोड्या पाण्यातल्या माशाचं वय ओटोलिथवरून ११२ वर्षं निघालं, ते २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात रिंगा बरोबर मोजल्यात का याची खातरजमा अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या कार्बन-१४ वरून केली होती.

म्हणजे दगडात तारीख आहे. आता त्या तारखेसमोर काय लिहिलंय ते वाचायचं, तिथे मूलद्रव्यं येतात.

पाण्यातली मूलद्रव्यं दगडात जातात कशी?

वाट लांबची आहे आणि सगळा घोळ (मासा नव्हे) या वाटेतच होतो. पाण्यातून कल्ल्यात, समुद्री मासा पाणी पितो म्हणून थोडं आतड्यातून, तिथून रक्तात, रक्तातून कानातल्या द्रवात आणि त्या द्रवातून दगडावर. प्रत्येक दारावर वॉचमन आहे. मासा स्वतःच्या रक्तातलं सोडियम, पोटॅशियम, कॅल्शियम कडक कंट्रोलमध्ये ठेवतो, त्यामुळे बाहेर काय चाललंय त्यातलं निवडकच आत पोचतं.

स्ट्रॉन्शियम आणि बेरियम हे कॅल्शियमचे भाऊबंद, एकाच गटातले, त्यामुळे ते कॅल्शियमच्या नावावर आत घुसतात. दगड ज्या स्फटिकात बनतो त्याला अ‍ॅरागोनाइट म्हणतात, त्यात कॅल्शियमच्या जागी स्ट्रॉन्शियम चांगलं बसतं. आकडे सांगायचे तर समुद्राच्या लिटरभर पाण्यात कॅल्शियम साधारण ४१० मिलिग्रॅम आणि स्ट्रॉन्शियम ८ मिलिग्रॅमच्या आसपास. समुद्री माशाच्या ओटोलिथमध्ये स्ट्रॉन्शियम वजनाने दर दहा लाख भागात साधारण दोन हजार भाग, बेरियम मात्र अगदी थोडं, पाच-दहा भाग वगैरे. हिशोब केला तर पाण्यात कॅल्शियमच्या मानाने जेवढं स्ट्रॉन्शियम आहे त्याच्या पाव हिस्सा वगैरे दगडापर्यंत येतं, बाकीचं वाटेत गळतं.

आणि मोजताना नेहमी कॅल्शियमशी गुणोत्तर घेतात, नुसतं स्ट्रॉन्शियम नाही. कोणी नुसते आकडे टाकले असतील तर आधी तेच विचारा.

मग स्ट्रॉन्शियम मोजलं की तापमान कळतं का?

हाच तो प्रश्न. थेट उत्तर: एकट्या स्ट्रॉन्शियमवरून नाही, निदान भरवसा ठेवण्यासारखं नाही.

ही कल्पना आली प्रवाळावरून. प्रवाळाचा सांगाडा पण अ‍ॅरागोनाइटचाच, आणि पाणी गरम झालं की त्यातलं स्ट्रॉन्शियमचं कॅल्शियमशी गुणोत्तर कमी होतं, छान सरळ रेषेत, त्यावरून लोकांनी शेकडो वर्षांचं समुद्राचं तापमान काढलंय. मग साहजिकच वाटलं की माशात पण तेच चालेल. सुरुवातीच्या काही प्रयोगांत चाललं पण, हेरिंगची पिल्लं वेगवेगळ्या तापमानात वाढवली तर थंड पाण्यात स्ट्रॉन्शियम जास्त आलं, प्रवाळासारखंच. लोक खूश. नंतर २००० मध्ये बाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्पॉट नावाचा मासा, हा आपल्या ढोम्याच्याच घराण्यातला बरं का, टाकीत वाढवला तर उलटं, गरम पाण्यात स्ट्रॉन्शियम जास्त. बेरियमवर तापमानाचा काही परिणाम दिसलाच नाही. २००२ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या एल्सडन आणि गिलँडर्स यांनी ब्लॅक ब्रीमवर तापमान आणि खारेपणा दोन्ही बदलून बघितलं तर दोघांचा परिणाम एकमेकांत गुंतलेला, खारेपणा माहिती नसेल तर तापमान सांगता येत नाही आणि तापमान माहिती नसेल तर खारेपणा. आणि काही जातींत काहीच संबंध नाही.

म्हणजे एकच मूलद्रव्य, एका माशात वर जातं, दुसऱ्यात खाली, तिसऱ्यात हलत नाही. असा थर्मामीटर घरात कोणी ठेवेल का.

असं का होतं? प्रवाळात तर नीट चालतं.

कारण प्रवाळ आपला सांगाडा समुद्राच्या पाण्याला जवळजवळ चिकटून बनवतो आणि मासा मध्ये रक्त घालून बसलाय. १९८९ च्या सुमारास जॉन कॅलिश यांनी हे ठासून मांडलं की ओटोलिथमधलं स्ट्रॉन्शियम पाण्याइतकंच माशाच्या शरीरावर अवलंबून आहे. मादी अंडी धरायला लागली की रक्तातली प्रथिनं बदलतात, कॅल्शियम त्या प्रथिनांना चिकटून अडकून राहतं, मग मोकळ्या कॅल्शियमच्या मानाने स्ट्रॉन्शियम वाढतं आणि ते दगडावर उमटतं. पाण्याचं तापमान तेवढंच आहे पण दगड सांगतो काहीतरी बदललं. बदललंय हे खरंच, फक्त पाणी नाही, मासा बदललाय.

वाढीचा वेग पण मध्ये येतो. मासा भरभर वाढत असेल तर दगड पण भरभर थर घालतो आणि त्याची रसायनं वेगळी. आता वाढ कशावर अवलंबून, तर अन्नावर आणि तापमानावर, म्हणजे तापमान मागच्या दाराने येतंच. हे वेगळं करायला २०१५ मध्ये प्लेस मासे पाळून, महिनोन्महिने त्यांचं रक्त काढून, मग ओटोलिथ तपासून बघितलं गेलं, त्यातही माशाच्या शरीराचा वाटा मोठा दिसला. असे प्रयोग करायला किती चिकाटी लागते ते ज्याने एकदा जिवंत माशाचं रक्त काढलंय त्याला विचारा.

मग तापमान कशावरून काढतात?

ऑक्सिजनवरून. पण हे ट्रेस एलिमेंट, म्हणजे दगडात अगदी थोडं असणारं स्ट्रॉन्शियम-बेरियमसारखं मूलद्रव्य, नाही; हे आइसोटोप, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे हलके-जड अणू, इथे बरेच जण गोंधळ करतात आणि दोन्ही एकाच वाक्यात टाकतात.

कार्बोनेट म्हटलं की त्यात ऑक्सिजन आलाच. साधा ऑक्सिजन-१६, त्यात अगदी थोडा जड ऑक्सिजन-१८. थंड पाण्यात दगड बनला तर जड ऑक्सिजन जरा जास्त बसतो, गरम पाण्यात कमी. ही कल्पना हॅरल्ड युरी यांची, १९४७ ची, आणि माशाच्या ओटोलिथवर ती १९६७ मध्ये डेव्हरो यांनी लावली. चांगली गोष्ट म्हणजे इथे माशाचं शरीर फारशी ढवळाढवळ करत नाही, दगडातला ऑक्सिजन पाण्याशी जवळपास समतोलात बसतो, आणि नर असो मादी असो, उपाशी असो की खाऊन पिऊन, उत्तर साधारण तेच येतं. स्ट्रॉन्शियमने दिलेल्या मनस्तापानंतर हे फार बरं वाटतं.

हिशोब एकदा दाखवतो. जड ऑक्सिजनच्या प्रमाणातला फरक हजारात किती असा मोजतात, त्याला पर मिल म्हणतात. कॉड माशावर २००४ मध्ये होय आणि सहकाऱ्यांनी बसवलेलं समीकरण असं: दगडाचा आकडा वजा पाण्याचा आकडा = ३.९० वजा (०.२० गुणिले तापमान). समजा फरक आला २.५, तर ३.९ मधून २.५ गेले १.४, त्याला ०.२ ने भागलं की ७ अंश. फरक २.१ आला असता तर ९ अंश. म्हणजे एका अंशाला ०.२ पर मिल. यंत्राची चूक साधारण ०.१ पर मिलची धरली तर अर्ध्या अंशापर्यंत बोलता येतं. नवख्यांसाठी एक सूचना, दगडाचा आकडा एका स्केलवर आणि पाण्याचा दुसऱ्या स्केलवर दिलेला असतो, समीकरणात त्याची सोय केलेली असते, तुम्ही मध्येच एक बदलू नका, मी बदलला होता आणि कोकणातला बांगडा आर्क्टिकमध्ये राहत असल्याचं उत्तर आलं होतं.

मग ऑक्सिजन हेच फायनल, बाकीचं कशाला?

थांबा. त्या समीकरणात 'वजा पाण्याचा आकडा' आहे ना, तो कुठून आणणार? मासा कुठे होता तेच माहिती नाही तर त्या पाण्याचा ऑक्सिजन कसा माहिती असणार. पावसाचं आणि नदीचं पाणी हलकं असतं, म्हणजे त्यात जड ऑक्सिजन कमी, समुद्राचं जड. खारेपणा एका युनिटने बदलला की पाण्याचा आकडा जागेप्रमाणे पाव ते अर्धा पर मिल हलतो, म्हणजे तापमानात सव्वा ते अडीच अंशाची चूक, आणि ती यंत्राची नाही, आपली. भर समुद्रात राहणाऱ्या माशाला हे फारसं लागू नाही. खाडीत ये-जा करणाऱ्याला पुरेपूर लागू.

आणि नेमकं इथेच ट्रेस एलिमेंट परत कामाला येतात. तापमान सांगायला नाही, पत्ता सांगायला.

कुठलं मूलद्रव्य काय सांगतं?

स्ट्रॉन्शियम मुख्यतः गोडं की खारं. बेरियम नदीचं पाणी, कारण नदीच्या गाळाला चिकटलेलं बेरियम खाऱ्या पाण्यात आलं की सुटतं, शिवाय तळाचं थंड पाणी वर येतं तिथेही बेरियम वाढतं. मँगनीज म्हणजे ऑक्सिजन कमी असलेलं पाणी, बाल्टिक समुद्रातल्या कॉडवर कॅरिन लिंबर्ग यांचं यावर मोठं काम आहे, त्यांनी नवाश्मयुगातल्या वस्तीत सापडलेल्या कॉडच्या ओटोलिथपासून आजच्यापर्यंत तुलना केली. मॅग्नेशियम माशाच्या वाढीशी आणि चयापचयाशी जास्त जोडलेलं, पाण्याशी कमी. जस्त आणि तांबं प्रथिनांना चिकटून येतात, त्यांच्यावरून पाण्याचं काही बोलू नये असं माझं मत.

स्ट्रॉन्शियमचं गाजलेलं उदाहरण म्हणजे ईल. ईल समुद्रात जन्मते आणि नदीत वाढते हे शाळेत शिकतो, पण १९९८ मध्ये त्सुकामोतो आणि सहकाऱ्यांनी समुद्रात पकडलेल्या ईलच्या ओटोलिथमध्ये स्ट्रॉन्शियम बघितलं तर काहींमध्ये गोड्या पाण्याची खूणच नाही, आयुष्यात नदीत गेल्याच नव्हत्या. आपल्या बाजूला हिलशावर मिल्टन आणि चेनरी यांनी बांगलादेशात काम केलंय, नदी आणि समुद्रातली ये-जा खड्यावरून वाचायची.

हे सगळं मोजतात कसं?

आधी खडा रेझिनमध्ये बसवायचा, मग पातळ चकती कापायची आणि मग पॉलिश पेपरवर घासत घासत मधोमध यायचं, म्हणजे जन्माचा बिंदू दिसला पाहिजे. हे वाचायला एक ओळ आहे. करायला बसलं की कळतं. दर पाच-सहा वेळा घासलं की सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, अजून नाही आला, अजून नाही, परत घासायचं, परत बघायचं, आणि मग एकदा बघतो तर मधला काळा ठिपका गेलेला. एका दुपारी मी घोळीचा एक मोठा खडा असा घालवला, फोनवर बोलता बोलता, दोन सेकंद जास्त. माशाचं बालपणच पुसलं, उरलं फक्त मोठेपण. तेव्हापासून घासताना फोन दुसऱ्या खोलीत.

मूलद्रव्यांसाठी लेझर वापरतात. वीस ते पन्नास मायक्रॉनचा लेझरचा ठिपका मधापासून कडेपर्यंत सरकत जातो, जिथे पडतो तिथली धूळ उडते, ती गॅससोबत आयसीपी-एमएस नावाच्या यंत्रात जाते आणि तिथे कुठला अणू किती ते मोजलं जातं. रोजचा थर काही मायक्रॉनचाच, म्हणजे एका ठिपक्यात काही दिवस ते काही आठवडे एकत्र येतात. त्यामुळे 'अमुक मंगळवारी मासा खाडीत होता' असं कोणी लिहिलं तर हसून सोडून द्या.

ऑक्सिजनसाठी लेझरचं हे यंत्र चालत नाही. एक तर बारीक ड्रिलने रेघेरेघेने पावडर काढतात, ती आम्लात विरघळवून निघालेला वायू मोजतात, नाहीतर आयन मायक्रोप्रोब वापरतात, तो अगदी बारीक ठिपका मोजतो पण महागडा आणि रांग मोठी.

यंत्र बरोबर चाललंय ना ते बघायला माहितीतला दगड लागतो. त्यासाठी कॅनडात रेड स्नॅपरच्या ओटोलिथची आणि जपानमध्ये एम्परर स्नॅपरच्या ओटोलिथची पावडर प्रमाण म्हणून बनवलेली आहे.

हजारो वर्षांपूर्वीचं तापमान खरंच काढलंय का कोणी?

हो, आणि मला यातलं पेरूचं काम सगळ्यात आवडतं. २००२ मध्ये अँड्रस आणि सहकाऱ्यांनी पेरूच्या किनाऱ्यावरच्या ओस्ट्रा आणि सिचेस या जुन्या वस्त्यांमधल्या उकिरड्यातून समुद्री शिंगाळ्याचे ओटोलिथ घेतले, म्हणजे कोणीतरी सुमारे सहा हजार वर्षांपूर्वी खाऊन टाकलेला मासा, आणि त्यातल्या ऑक्सिजनवरून दिसलं की त्या काळी तिथलं पाणी आजच्यापेक्षा तीन-चार अंश गरम होतं. एल निन्योच्या इतिहासाच्या वादात हा पुरावा महत्त्वाचा ठरला. दगड मध्यापासून कडेपर्यंत मोजल्यामुळे नुसती सरासरी नाही, वर्षातले उन्हाळे-हिवाळे पण दिसतात.

लगेच पुढचा प्रश्न येतो की तो मासा शिजवला असेल तर? हे पण तपासलंय. उकडल्याने फारसं बिघडत नाही. निखाऱ्यावर जाळला तर बिघडतं, अ‍ॅरागोनाइटचा कॅल्साइट नावाचा दुसराच स्फटिक होतो आणि आकडे वाया. म्हणजे कालवणातला खडा चालेल, चुलीत टाकलेल्या डोक्यातला नाही.

पाण्याचा आकडा माहिती नसताना तापमान काढायची काहीच युक्ती नाही का?

आहे, आणि त्यात एक भारतीय नाव आहे. क्लम्प्ड आइसोटोप म्हणतात. जड कार्बन आणि जड ऑक्सिजन एकाच रेणूत जोडीने किती वेळा येतात ते मोजायचं, थंडीत ही जोडी जास्त जमते, आणि त्यासाठी पाण्याचा आकडा लागतच नाही. ओटोलिथसाठी याचं कॅलिब्रेशन २००७ मध्ये प्रोसेनजित घोष आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलं, ते पुढे बेंगळुरूच्या आयआयएससीमध्ये आहेत. अडचण एवढीच की पावडर बरीच लागते, त्यामुळे आठवड्याआठवड्याचा हिशोब विसरा, मोठ्या दगडाची सरासरी मिळते.

आपल्या कोकण किनाऱ्यावर हे चालेल का?

चालेल पण जपून, आणि युरोपातले पेपर वाचून तसंच्या तसं केलं तर तोंडावर आपटाल. मुंबईजवळ समुद्राचं पाणी जानेवारीत २५ अंशांच्या आसपास आणि मे महिन्यात ३० च्या आसपास. पाच अंश म्हणजे ऑक्सिजनमध्ये एक पर मिल, ते मोजता येतं, वाईट नाही. मग येतो जून. पाऊस, नद्यांना पूर, किनाऱ्याजवळचं पाणी गोडसर होतं, आणि ते गोडं पाणी हलकं. दगडातला आकडा खाली येतो. समीकरणात टाकला की उत्तर येतं पाणी तापलं, आणि खरं तर पावसाळ्यात पाणी मे पेक्षा थंड झालेलं असतं! म्हणजे दगड खोटं बोलत नाही, आपण त्याला चुकीचा प्रश्न विचारतोय.

म्हणून माझी पद्धत अशी की आधी त्याच चकतीवर बेरियम आणि स्ट्रॉन्शियमची रेघ मारायची. बेरियम उसळलंय आणि स्ट्रॉन्शियम पडलंय तो भाग नदीच्या पाण्याचा समजून तापमानाच्या हिशोबातून बाजूला ठेवायचा, उरलेल्या कोरड्या महिन्यांचंच तापमान सांगायचं. नुसतं बेरियम वर गेलं आणि स्ट्रॉन्शियम तसंच आहे असं झालं तर ते तळाचं पाणी वर आल्याचं पण असू शकतं, गोवा-कारवारच्या खाली केरळपर्यंत पावसाळ्यात ते होतं. तिथे घाईने निष्कर्ष काढू नका.

एक फायदा मात्र आपल्याकडे आहे. जून-जुलै मासेमारी बंद असते, तेव्हाचे मासे यांत्रिक बोटींवरून मिळत नाहीत, पण त्या दोन महिन्यांचा थर पुढे दिवाळीत पकडलेल्या माशाच्या दगडात असतोच. आपण समुद्रावर नव्हतो तेव्हा तो होता.

कुठला मासा घ्यावा विचारलं तर ढोमा आणि कोत, कारण मोठा दगड, स्वच्छ रिंगा. पापलेट राज्याचा मासा आहे म्हणून सगळ्यांना तोच घ्यायचा असतो, पण त्याचा दगड लहान आणि मासा महाग, गाईडला बिल दाखवताना तोंड बघण्यासारखं होतं.

दगड काचेसारखा पारदर्शक निघाला, काय करू?

तो व्हॅटराइट असणार. तेच कॅल्शियम कार्बोनेट पण वेगळ्या रचनेत, त्यात स्ट्रॉन्शियम कमी आणि मॅग्नेशियम, मँगनीज जास्त बसतं. हॅचरीतल्या माशांत हे जास्त दिसतं. मापात घेऊ नका, दुसऱ्या बाजूचा दगड बघा, बऱ्याचदा तो नीट असतो.

मासा न मारता होत नाही का?

ओटोलिथसाठी नाही. पराच्या काट्यावरून किंवा खवल्यावरून थोडंफार होतं, पण त्यातून शरीर माल परत काढून घेतं हे वर सांगितलंच. बाजारात आधीच मेलेला मासा आहे, डोकी फुकट मिळतात, वेगळा मासा मारायची गरज सहसा पडत नाही. फक्त तो कुठे आणि कधी पकडला ते मावशींना विचारून तिथेच लिहून घ्या, 'ससून डॉकचा' म्हणजे कुठल्या समुद्रातला ते कळत नाही.

खडा जपून कसा ठेवायचा?

फॉर्मॅलिनमध्ये अजिबात नको, ते हळूहळू आम्लधर्मी होतं आणि खडा खाऊन टाकतं. कितीतरी जुन्या बाटल्यांमधले मासे शाबूत आणि कानात काही नाही, असं होतं. डोकं लगेच फोडायला वेळ नसेल तर फ्रीझरमध्ये टाका. काढल्यावर शुद्ध पाण्यात धुवायचा, धातूचा चिमटा नको, प्लॅस्टिकचा घ्या, सावलीत वाळवायचा आणि छोट्या प्लॅस्टिकच्या डबीत कोरडा ठेवायचा. डबीवर जात, लांबी, तारीख, जागा, डावा की उजवा. आणि लिंबू लावलेल्या ताटातला असेल तर आधी बघून घ्या, वरून खडबडीत झाला असेल तर कडेचे थर, म्हणजे माशाचे शेवटचे काही आठवडे, लिंबाने नेले, आतलं अजून चालेल.

अंगठीत बसवला तर चालतो का?

चालतो की. अमेरिकेत मोठ्या सरोवरांकाठी ड्रम नावाच्या माशाचे खडे लोक लकी स्टोन म्हणून गोळा करतात. तापमान मोजायला नको असेल तर खुशाल बसवा, पण भांडी घासताना काढून ठेवा, मऊ असतो.